कोचीत उतरलेली आंधळगावची चंद्रभागाबाई

साठीपर्यंत माझ्या सासूबाईंनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली वैनगंगा. बाकी त्यांचा जन्म आंधळगावच्या तलावावर गेला. आम्ही ढिवर. सासरे गोमाजी तापाने अवचित गेले, तेव्हा माझे मालक जागेश्वर सात वर्षांचे होते. पुरुषांनी जाळं फेकायचं आणि बायकांनी बाजारात मासे विकायचे, अशी आमच्यातली रीत. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, दिवस उरकल्यावर नवऱ्याचं जाळं खांद्यावर टाकलं आणि सरळ डोंग्यात जाऊन उभ्या राहिल्या. चारचौघे नावं ठेवू लागले. आत्याबाई म्हणाल्या, "ज्याले लाज वाटते, त्यानं सकाळी येऊन माह्या वाट्याचं जाळं फेकावं." कोणी आलं नाही. त्या जाळ्यावर त्यांनी यांना आयटीआयपर्यंत शिकवलं, आणि हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत टर्नर झाले.

मी तुमसरची, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन क्वार्टरमध्ये राहायला आले, आणि खरं सांगायचं तर मला सासूची लाज वाटायची. त्या महिन्या-दोन महिन्यांनी सुकवलेल्या झिंग्यांची गठडी घेऊन यायच्या. त्या वासाने शेजारची दारं लागायची. फॅक्टरीच्या बसमध्येसुद्धा ती गठडी त्या मांडीवर घेऊन बसत. कोणी विचारलं तर मी सांगायची, "गावी आमची शेती आहे."

१९८१ च्या जानेवारीत यांनी एलटीसी, म्हणजे सरकारी प्रवाससवलत, घ्यायचं ठरवलं. यांच्या खात्यातल्या टेकचंद नावाच्या सोबत्याचा मेहुणा मुंबईला गोदीत होता. त्याने कळवलं की अंदमानला जाणारं एक जहाज मुंबईत दुरुस्त होऊन मद्रासला परत चाललंय, जाताना प्रवासी घेणार आहे, वाटेत कोचीला माल चढवायला एक दिवस थांबणार आहे. मद्रासहून आपल्या रेल्वेने नागपूर. यांना ती कल्पना फारच आवडली. आत्याबाईंचं नावही अर्जात होतं, पण त्या तयार होईनात.

"कायले जाऊ? माह्या तलावातलं पानी सरलं का?"

"माय, त्या जहाजात हजार मानसं बसतात," हे म्हणाले.

आत्याबाई हातातलं काम टाकून बघत राहिल्या. "हजार? एका डोंग्यात? अना त्याले पेलते?" आणि दुसऱ्या दिवशी लुगडी बांधून तयार.

भंडारा रोडहून मेल पकडून आम्ही मुंबईला पोहोचलो आणि जहाजात बसलो. पहिल्या संध्याकाळी जहाज डोलायला लागलं आणि हे आडवे झाले ते दोन दिवस उठलेच नाहीत. ओकाऱ्यांसाठी सारखी बालदी लागे. मीही लिंबू हुंगत पडून होते. आत्याबाई मात्र अनवाणी सगळं जहाज फिरून आल्या. मुलाच्या कपाळावर हात ठेवून म्हणाल्या, "ढिवराचं लेकरू अना पान्याले भेऊन राहिलं! तुह्या बापानं पाह्यलं असतं तं पोट धरून हासला असता."

शेजारच्या बर्थवर नागपूरच्या मंगलाबाई होत्या. त्यांचे यजमान कॉलेजात प्राध्यापक. बाई बोलक्या. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या सासूबाईंचं काय हो, या वयात किती चपळ आहेत! काय करतात?"

"काही नाही, घरीच असतात," मी म्हणाले.

आत्याबाई तिथेच खाली बसून पान लावत होत्या. त्यांनी ऐकलं. पानाला चुना जरा जास्त लागला असावा, कारण त्यांनी तो बोटाने पुसून काढला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला कोची आलं. जहाज बेटावरच्या धक्क्याला लागलं. शिडीजवळच्या अधिकाऱ्याने तीनतीनदा बजावलं: जहाज पाचला सुटणार, चारच्या आत सगळ्यांनी परत यायचं, कोणासाठी थांबणार नाही. जहाजातल्या वीसेक प्रवाशांसाठी एक गाइड ठरला होता. लाँचने खाडी ओलांडून त्याने आम्हाला जुन्या शहरात नेलं.

जमिनीला पाय लागताच यांचा चेहरा फुलला. दोन दिवसांची भूक एकदम जागी होऊन यांनी धक्क्यावरच सहा केळी खाल्ली. गाइडने आधी राजवाडा दाखवला, मग ज्यू लोकांच्या गल्लीत नेलं. गल्लीत दोन्ही बाजूंना मिऱ्याची, सुंठीची गोदामं. वासाने माणसं शिंकत होती. ज्यूंच्या देवळात जमिनीला निळ्या-पांढऱ्या फरश्या, हातानं रंगवलेल्या. गाइड म्हणाला की यातली एक दुसरीसारखी नाही, सगळ्या चीनहून आल्या. आत्याबाई खाली वाकून तीन-चार फरश्या ताडून बघत बसल्या, आणि म्हणाल्या, "खरं सांगून राहिला हा मानूस."

मग चर्च. तिथे वास्को-द-गामाची कबर. हा पोर्तुगालहून समुद्राची वाट शोधत हिंदुस्थानात आला, इथेच वारला, पण पुढे त्याच्या लोकांनी त्याला मायदेशी नेलं, असं गाइडने सांगितलं. मी ते आत्याबाईंना आमच्या बोलीत सांगितलं.

"मंग आता आत कोनी नाई?"

"नाही."

"बरं केलं. येवढ्या दूर एकट्याले कायले ठेवाव?" असं म्हणून त्यांनी त्या रिकाम्या कबरीलाही हात जोडले.

आम्ही चर्चमधल्या पाट्या वाचत होतो. बाहेर आलो तर आत्याबाई नाहीत. हे एका बाजूला धावले, मी दुसऱ्या. ना भाषा येते, ना वाट माहीत. मंगलाबाई म्हणाल्या, "मी गाइडला थांबवून ठेवते, तुम्ही शोधा." मला रडू फुटायचं बाकी होतं. चर्चच्या मागे रस्ता समुद्राकडे उतरत होता. तिकडून माशांचा वास आला, आणि माझ्या मनात आलं, ही बाई दुसरीकडे जाणारच नाही.

किनाऱ्यावर ती प्रसिद्ध चिनी जाळी होती. लाकडाच्या मोठमोठ्या भुजांना घरभर रुंदीचं जाळं टांगलेलं, आणि मागच्या बाजूला दोरांना माणसाएवढे धोंडे लटकवलेले. पाच-सहा गडी दोर ओढत, धोंडे खाली येत आणि जाळं पाण्यातून वर उठे. पहिल्याच जाळ्याच्या फळ्यांवर आत्याबाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या आणि आपल्या झाडीपट्टीच्या बोलीत एका पिकल्या मिशांच्या माणसाला दरडावत होत्या.

"अरे बाप्पा, थो कोपरा फाटला हाय! तितून मासोळ्या पडून राहिल्या! दिसत नाई का तुले?"

तो माणूस म्हणजे त्या जाळ्याचा म्होरक्या, वर्की. जहाजांच्या सोबतीने त्याला कामापुरती हिंदी यायची. आत्याबाईंचं बोलणं कळत नव्हतं, पण बोट कुठे दाखवतायत ते कळत होतं. हे धापा टाकत आले आणि त्यांनी हिंदीत समजावलं. वर्की हसला. "मालूम है. आज काम बहुत है, कल सिलाई करेगा."

"उद्याले?" आत्याबाई म्हणाल्या. "तवपर्यंत काय मासोळ्या वाट पायतीन? दे, सुई दे इकडं."

यांनी आईचा दंड धरला. "माय, चाल. लोक पाहून राहिले."

"पाहू दे."

वर्कीला काय वाटलं कोण जाणे, त्याने जाळ्याचा फाटका कोपरा फळ्यांवर ओढून बांधायला सांगितलं, लाकडी सुई आणि जाळं विणायचा सुताडा आणून आत्याबाईंच्या समोर ठेवला. त्या फळ्यांवर मांडी घालून बसल्या. भोक हातभर होतं. त्यांनी आधी फाटक्या कडा दातांनी साफ केल्या, डाव्या हाताच्या बोटांवर जाळ्याच्या एका घराचं माप घेतलं आणि विणायला सुरुवात केली. सुई जाते कुठून आणि येते कुठून ते दिसत नव्हतं. दोर ओढणारे गडी दोर बांधून ठेवून भोवती जमले. आधी हसत होते. मग वाकून वाकून बघू लागले.

वर्की खाली बसला. त्याने आत्याबाईंनी मारलेली गाठ नखाने चाचपली, शेजारची आपली जुनी गाठ चाचपली, पुन्हा त्यांची. मग मान वर करून आपल्या माणसांना मल्याळीत काहीतरी मोठ्याने सांगितलं. सगळे एकदम ओरडले.

"क्या बोला?" यांनी विचारलं.

"गाठ एक ही है," वर्की म्हणाला. "हमारा बाप सिखाया, वही गाठ. अम्मा का गाँव किधर? समुंदर किधर है उधर?"

"समुंदर नहीं. तालाब है," हे म्हणाले. आणि मग, मी यांच्या तोंडून तोवर कधी न ऐकलेलं वाक्य बोलले: "हम लोग मछुआरे हैं. मेरी माँ जाल फेंकती है."

भोक बुजलं. आत्याबाई उठल्या, पदर खोचला आणि सरळ दोराला जाऊन लागल्या. तिथे बायका दोर ओढत नसाव्यात, कारण दोघेजण घुटमळले. वर्कीने त्यांना हातानेच बाजूला केलं. "एऽ हो!" सगळ्यांनी ओढ घेतली, धोंडे खाली आले, जाळं वर उठलं. पाणी निथळत होतं आणि शिवलेल्या कोपऱ्यातून एकही मासा सुटत नव्हता. आत काय काय होतं! चंदेरी, चपटे, काटेरी. आत्याबाईंनी एक कोळंबी शेपटीला धरून उचलली. विताहून मोठी. मला हाक मारून म्हणाल्या,

"मंदे, हे पाह्य! आपल्या तलावातले झिंगे याचे नातू होय वं!"

आम्ही सगळे हसत होतो तेवढ्यात यांचं लक्ष घड्याळाकडे गेलं. पावणेचार. धक्क्यावर धावत गेलो तर आमची लाँच खाडीच्या मध्यावर पोहोचलेली. मंगलाबाईंनी सांगूनही गाइड आणखी थांबला नसावा; दूर मंगलाबाई उभ्या राहून पदर हलवताना दिसत होत्या. पुढची लाँच साडेचारला. सामान जहाजात, तिकिटं जहाजात.

वर्की मागोमाग आला होता. त्याने एक शब्दही न विचारता दोघा गड्यांना हाक मारून लांबट होडी पाण्यात लोटली. आम्ही बसलो. मधे मोठ्या बोटीच्या लाटा आल्या आणि होडी आडवी झाली, मी डोळे मिटले. उघडले तेव्हा आत्याबाई पुढच्या टोकाशी वल्हं घेऊन बसल्या होत्या, आणि ज्या गड्याचं ते वल्हं होतं तो मागे बसून माझ्याकडे बघून हसत होता.

जहाजाच्या शिडीशी पोहोचलो तेव्हा चार वाजून आठ मिनिटं झाली होती. अधिकारी रागावून काही बोलणार होता. पण वरून मंगलाबाई आणि आमचा सगळा घोळका कठड्यावरून टाळ्या वाजवायला लागला, तेव्हा तोही हसला आणि त्याने बाजूला होऊन वाट दिली. वर्कीने केळीच्या पानात बांधलेली कोळंबी आत्याबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी कनवटीची पानाची चंची काढली आणि त्याला देऊन टाकली. दुसरं द्यायला जवळ काही नव्हतं.

वर गेल्यावर मंगलाबाईंनी माझा हात धरला. "अहो, त्या होडी वल्हवत होत्या! घरीच असतात म्हणालात ना?"

"नाही," मी म्हणाले. "मी खोटं बोलले. त्या मासे मारतात. त्यांच्या हातासारखं जाळं अख्ख्या मोहाडी तालुक्यात कोणाला विणता येत नाही."

मंगलाबाईंनी पुड्याकडे पाहिलं. "मग हे कोण शिजवणार?"

जहाजाच्या भटारखान्यातला म्हातारा स्वयंपाकी आधी नाही म्हणाला. आत्याबाई त्याच्या चुलीशेजारी जाऊन बसल्या आणि त्याला मीठ-हळद कधी लावायची ते सांगू लागल्या. तो कंटाळून म्हणाला, तूच कर बाई. त्या संध्याकाळी आम्ही, मंगलाबाई, त्यांचे प्राध्यापक यजमान आणि तो स्वयंपाकी असे सगळे एकाच परातीभोवती बसून जेवलो. यांनाही बालदी लागली नाही.

गावी परत आल्यावर आत्याबाईंना एकच ध्यास. त्यांचे धाकटे दीर ईश्वर आणि मच्छीमार सोसायटीचे दोघे-तिघे यांना धरून त्यांनी तलावाच्या पाळीवर बांबूंचं तसंच जाळं उभं करायला घेतलं. धोंडे कुठे लटकवायचे, दोर किती लांब, सगळं त्यांच्या डोक्यात. पहिल्या दिवशी अर्धं गाव बघायला आलं. जाळं उठलं ते शेवाळाचा एक भारा आणि कोणाची तरी हरवलेली चप्पल घेऊन. लोक लोळून हसले. मग एक बांबू मोडला आणि ईश्वरकाका कपड्यांसकट तलावात पडले.

आत्याबाईही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी त्या बांबूच्या बेटात होत्या, जाडजूड बांबू निवडत. जाळं अर्ध्याने लहान केलं, धोंडे बदलले, जागा बदलून पाणी जिथून तलावात येतं तिथे नेलं. आषाढात नवं पाणी आलं तेव्हा त्या जाळ्यात रोहू मासे लागले. जाळं सहा वर्षं चाललं. ज्या बायका कधी डोंग्यात चढल्या नसत्या, त्या पाळीवर उभ्या राहून दोर ओढू लागल्या: पुष्पाबाई, कुंताबाई, रुखमिणी. सोसायटीने १९८४ साली त्या तिघींना आणि आत्याबाईंना सभासद करून घेतलं. कागदावर अंगठे उठवायचे होते, पण आत्याबाईंनी अडवलं.

"थांबा जी," त्या सचिवाला म्हणाल्या. "माह्या सुनेले येऊ द्या. थे आमाले नाव लिवाले शिकवन, मंग सही करू."

मी तीन रविवार आंधळगावला गेले. चौथ्या रविवारी चौघींनी सह्या केल्या. आत्याबाईंना आपल्या 'चंद्रभागाबाई' या नावातला 'द्र' काही केल्या जमेना, म्हणून त्यांनी तो गाळून टाकला. सोसायटीच्या रजिस्टरात त्या अजून 'चंभागाबाई' आहेत.