चाचांनी पळवलेलं सीट

पोरांनो, परवा फोनवर मी म्हणाले, एक सीट कमी होतं म्हणून अर्धा तास खोळंबले, तर तुम्ही विचारलंत, रिक्षा मोडकी होती का? तेव्हाच ठरवलं, हे लिहून ठेवायचं. सीट म्हणजे बसायची जागा, असं मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवताना सांगितलं. आमच्या सोलापूरच्या शेअर रिक्षात मात्र सीट म्हणजे बसणारा माणूस. हा धडा मला जुळे सोलापूरच्या स्टँडवरच्या रिक्षावाल्या चाचांनी दिला, आणि त्यांच्याइतका नियमाचा माणूस मी कुठल्याही स्टाफरूममध्ये पाहिला नाही.

चाचांच्या लेखी माणसाला नावगाव नव्हतं. मी पर्ससकट एक सीट, भाजीच्या पिशवीसकट दीड. एकदा स्वतःच्या व्याह्यांनाही त्यांनी दुसऱ्या सीटला जागा द्या म्हणून कोपऱ्यात सरकवलं होतं. रांगेतली पहिली रिक्षा भरल्याशिवाय मागच्याने सीट घ्यायचं नाही. पळवलं तर आठ दिवस प्रत्येक फेरीला, मागून येणाऱ्यांनाही पुढे सोडत, रांगेच्या शेवटी उभं राहायचं. नियम चाचांचा, तो लिहून स्टँडवर टांगलेल्या पुठ्ठ्यावरचं अक्षर माझं. त्या नियमापायी ते सख्ख्या भावाशी महिनाभर बोलले नव्हते.

मार्चमधल्या एका सकाळी मी पहिल्या रिक्षात एकटीच बसले होते. रिक्षावाला चहाला गेलेला. दहावीच्या पेपराला निघालेली एक मुलगी धापा टाकत आली. बस चुकली होती, वीस मिनिटं उरली होती. दुसऱ्या-तिसऱ्या रिक्षावाल्याने नुसतं पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. पोरगी रडायला लागली. चौथे चाचा. ते क्षणभर पुठ्ठ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बस बेटी." आणि तिला एकटीला घेऊन निघाले.

घंटेआधी तिला पोचवून आले, ते थेट रांगेच्या शेवटी. ज्याचं सीट गेलं, तो रिक्षावालाच विनवायला लागला, "चाचा, लाजवू नका, पुढं या की."

"नियम मीच केलो, मोडलो बी मीच. आठ दिवस म्हणजे आठ दिवस."

मला इतका अभिमान वाटला की दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम मागे जाऊन त्यांच्याच रिक्षात बसले. त्यांनी मला खाली उतरवलं. "टीचर, पुढं जावा. तुमी हितं बसलात तर अजून आठ दिवस वाढतील."

नवव्या दिवशी त्यांनी माझ्याकडून पुठ्ठ्यावर एक ओळ वाढवून घेतली. आता चाचांना नीट दिसत नाही, त्यांनी रिक्षा विकली. पुठ्ठाही दोनदा बदलला. नव्या पुठ्ठ्यावर अक्षर दुसऱ्या कुणाचं आहे, ओळ तीच आहे: परीक्षेच्या पोरांना रांग नाही.