तेल प्यालेला टप

फायबरवर माझा राग आहे. मध्यंतरी बायकोने गच्चीवर फायबरचं छप्पर टाकू या असं सुचवलं, तर मी असा काही अंगावर गेलो की ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिला कारण माहीत नव्हतं. पत्र्याशी माणसाला भांडता येतं. पत्रा गंजतो, वाकतो, ठोकला की सरळ होतो. फायबर काही बोलत नाही, आणि आत काय मुरलंय ते शेवटपर्यंत कळूही देत नाही.

आमच्याकडे एक छोटा ट्रक होता. म्हणजे दादांचा होता. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. नाशिकरोडच्या एका बेकरीत ते कितीतरी वर्षं ड्रायव्हर होते. पाव भिजू नयेत म्हणून बेकरीवाल्याने ट्रकच्या हौद्यावर फायबरचा बंद टप बसवून घेतला होता, निळ्या रंगाचा. त्या काळी लोक ताडपत्री बांधायचे, त्यामुळे आमच्या गाडीकडे माणसं वळून बघायची. पुढे बेकरीने नवी गाडी घेतली आणि जुनी दादांनी घेतली. दिंडोरीकडचे टोमॅटो, नामपूरचा कांदा, कुणाचं बिऱ्हाड, मिळेल ते वाहायचे. आणि वर्षातून एक दिवस, चौदा एप्रिलला, ती गाडी आमच्या कॉलनीच्या जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढे असायची. टपाच्या पुढच्या कडेला तसबीर, हार, दोन भोंगे, आणि स्टिअरिंगवर पांढऱ्या शर्टातले दादा. माणसं चालतील त्या वेगाने ट्रक चालवणं सोपं नसतं. पाच-सहा तास क्लचवर पाय ठेवून दुसऱ्या दिवशी त्यांची पोटरी सुजायची. त्या सुजेचाही त्यांना अभिमान होता. शेजारपाजारचं कुणी आलं की पँट वर करून दाखवायचे.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या सुमाराला त्या टपाचा रंग पार उडाला. निळा कसला, राखेचा झाला होता. बोट फिरवलं की रंगाचं पीठ हाताला यायचं. कुठे कुठे आतले काचेचे धागेही दिसायला लागले होते. एप्रिलच्या सुरुवातीला विहारासमोर जयंती कमिटीची बैठक झाली. त्या वर्षी अध्यक्ष आमच्याच गल्लीतला होता, सातपूरला कारखान्यात लागलेला, नव्या दमाचा. तो म्हणाला, "दादा, राग मानू नका. पण या वर्षी टेम्पो भाड्याने आणू. आपल्या गाडीचा टप लय खराब दिसतो. बाकीच्या कॉलन्या काय काय सजवून आणतात, तुम्हीच बघता ना."

दादा हसले. "खरंय तुझं. म्हातारी झाली गाडी," म्हणाले. घरी आल्यावर भूक नाही म्हणून न जेवता पडून राहिले. दादा आणि भूक नाही! भाकरीला उशीर झाला तर घर डोक्यावर घेणारा माणूस. आईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अध्यक्षाला गाठलं आणि सांगून टाकलं, "टेम्पो ठरवू नका. मी टप नवा करून दाखवतो. तेरा तारखेला सकाळी येऊन बघा. नाही पटला तर आणा खुशाल टेम्पो." तोही कबूल झाला. दादांना मी म्हणालो, "तुम्ही फक्त स्टिअरिंगवर बसा. बाकी माझ्यावर सोडा."

मी सरकारी कचेरीत कारकून. रंगाचा आणि माझा संबंध दारा-खिडक्यांपलीकडे कधी आला नव्हता. पण घेतलं अंगावर.

भद्रकालीच्या मागे एक पेंटर होता, ट्रक रंगवण्यात वाकबगार. त्याच्याकडे आरटीओच्या पासिंगसाठी गाड्यांची रांग लागलेली. पासिंग आलं की मालक लोक सगळी गाडी रंगवून घेतात, त्यामुळे त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. न बघताच म्हणाला, "साहेब, पत्रा नाय, फायबर हाय ना? पैले चांगला धू. फिर काळा पेपर मार पाणी लावून. प्रायमर दे, सुकू दे, मग दोन हात रंग. तूच कर. मेरे पास टाइम नाय." मला वाटलं, एवढंच ना? घराकडे येतानाच रंगाचा डबा, प्रायमर, थिनर, ब्रश आणि पॉलिश पेपरची चळत घेऊन आलो. एवढं सामान हातात आलं की माणसाला आपण निम्मं काम केलंय असं वाटतं.

धुतला म्हणजे काय, दोन बादल्या ओतल्या. मग लागलो घासायला. रोज ऑफिसातून आलो की अंधार पडेपर्यंत, आणि शनिवारी अर्धा दिवस झाल्यावर दुपारपासून. त्या पेपराने बोटांची सालं निघाली. निळसर चिखल कोपरावरून बगलेत जायचा. आणि खाज! फायबरची ती बारीक काच कातडीत शिरते, दिसत नाही, धुऊन जात नाही. ऑफिसात फायली बाजूला ठेवून मी दोन्ही हातांनी खाजवत बसायचो. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून हळूच विचारलं, "खरजेवर औषध चालू आहे ना?" त्यानंतर त्यांनी माझ्या हातून फाइल घेणंच सोडलं, टेबलाच्या कडेला ठेवायला सांगायचे. इकडे आई वेगळीच तापलेली. नळाला पाणी तासभर यायचं, त्यातलं अर्धं मी टपावर घालत होतो. "टपाची अंघोळ रोज, आणि माझी भांडी तशीच," म्हणायची.

नऊ तारखेला प्रायमर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर जागोजागी फोड. नख लावलं तर पापडासारखा पापुद्रा उठून हातात आला. मी थिनर विकणाऱ्याला शिव्या घातल्या, प्रायमरच्या कंपनीला घातल्या, उन्हाला घातल्या. शेवटी ट्रक काढला आणि थेट पेंटरच्या दारात नेऊन उभा केला. तो वैतागतच आला. पापुद्रा उचलून त्याने खालच्या फायबरवर अंगठा घासला, अंगठा नाकाशी नेला आणि म्हणाला, "इसको तेल किसने पिलाया?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दादा! डिझेल आणि गोडेतेल अर्धं अर्धं एका डब्यात मिसळून, जुन्या बनियनच्या बोळ्याने ते टप पुसायचे. दसऱ्याला पुसायचे, लांबचा फेरा करून आले की पुसायचे, आणि जयंतीच्या आदल्या दिवशी तर हमखास. पुसलं की टप चार-सहा तास नव्यासारखा निळा दिसायचा. अर्धे ड्रायव्हर तेव्हा हेच करायचे. वर्षानुवर्षं ते तेल त्या भुसभुशीत फायबरमध्ये मुरत गेलं होतं, आणि न काढता वरून पेपर मारून मी ते आणखी आत ढकललं होतं. पेंटर म्हणाला, "आता सगळा काढ. सोड्याच्या गरम पाण्याने धू, थिनरने पूस, कपडा बदल, फिर पूस. कपडा पिवळा पडायचा थांबला की समज, तेल गेलं. त्याच्यानंतर हात नाय लावायचा. बोटाचंसुद्धा तेल नको."

हे मी दादांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आधीच त्या बैठकीपासून ते मिटल्यासारखे झाले होते. त्यात 'तुमच्याच तेलाने टप गेला' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी मनाशी म्हणालो, कशाला दुखवा. आज मला वाटतं, त्यात दयेपेक्षा तोराच जास्त होता. मला एकट्याने करून दाखवायचं होतं.

दोन दिवस रजा टाकली. आईच्या जुन्या लुगड्यांचे तुकडे संपले, माझे दोन पायजमे संपले. थिनरच्या वासाने जेवण जाईना. बाराच्या दुपारी पहिल्यांदा कपडा जसा नेला तसा पांढरा परत आला. मी ओट्यावर बसून राहिलो, इतका दमलो होतो. प्रायमरचा पातळ हात दिला, तो छान बसला, ऊन उतरायच्या आत वाळला. दादा अंगणातून सगळं बघत होते. "जमतंय रे तुला," म्हणाले. त्या आठवड्यात ते पहिल्यांदा माझ्याशी आपणहून बोलले होते.

तेराच्या सकाळी उजाडताच शिडी लावली. पुढच्या टोकापासून मागे रंगवत गेलो. समोरून कोवळं ऊन डोळ्यांवर येत होतं आणि ओला रंग नुसता झगमगत होता. शेवटचा हात मारून खाली उतरलो, चार पावलं मागे सरकून पुढचं टोक बघितलं. अळवाच्या पानावर पाणी पळतं तसा रंग पळाला होता. सगळीकडे रुपयाएवढे गोल, मधे प्रायमर उघडा.

दादा दारातच होते. चेहऱ्यावर नवीन गाडी घेतल्यासारखा आनंद. म्हणाले, "पहाटे मीबी एक हात फिरवून ठेवला बरं का. तुझा रंग चांगला चमकावा म्हनून. लय कोरडा कोरडा वाटत होता."

नेमके त्याच वेळी कमिटीचे चौघे जण गल्लीतून येत होते. मी त्यांना बघितलं होतं, आणि तरीही थांबलो नाही. "कुणी सांगितलं होतं हात लावायला? तुमच्या त्या तेलानेच वाटोळं केलंय या टपाचं! इतकी वर्षं! या गाडीला पुन्हा हात लावू नका तुम्ही!" आवाज इतका चढला होता की समोरच्या घरातली माणसं बाहेर आली. दादांनी दोन्ही हात शर्टाला पुसले आणि ते आत गेले. एवढ्या मोठ्या माणसाला मी शाळेतल्या पोरासारखं आत पाठवलं होतं.

अध्यक्ष टपाभोवती एक चक्कर मारून आला. मग म्हणाला, "अहो, कुठं काय दिसतंय? वर हार येतील, पताका येतील. लांबून एकदम निळी दिसते गाडी. हीच न्यायची, ठरलं." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. आमची गाडी पहिल्या नंबरावर राहिली. ज्याच्यासाठी आठ दिवस कातडी सोलून घेतली ते मला मिळालं होतं, आणि माझ्या तोंडाची चव गेली होती.

दिवसभरात दादांची समजूत घालायला मी तीनदा त्यांच्या खोलीत गेलो आणि तीनदा पंख्याबद्दल काहीतरी बोलून बाहेर आलो. माफी मागायची आमच्या घरात कुणाला सवय नव्हती.

चौदाला ते नेहमीसारखे पांढरे कपडे घालून तयार झाले. मी किल्ली पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही. "तू ने," म्हणाले, "मी चालतो सगळ्यांबरोबर." रागाने नव्हे, अगदी साध्या आवाजात. आई म्हणाली, "अहो, असं काय करता?" तर ते चपला घालायला लागले.

मग मीच चालवली. मला ते जमत नव्हतं. गाडी दर पन्नास पावलांवर आचके देत होती, मागून पोरं ओरडत होती, पोटरीत गोळे येत होते. लोक मात्र हात करून सांगत होते, गाडी झकास दिसते म्हणून. मी आरशात दादांना शोधत होतो. बिटकोच्या चौकात मिरवणूक बराच वेळ थांबली, आणि ते बायकांच्या रांगेमागून चालत माझ्या गाडीच्या बाजूने पुढे आले. मी वाकून डावीकडचं दार उघडलं. "दादा, बसा ना. चुकलं माझं. मला नाही जमत हे."

ते थांबले. माझ्याकडे बघून हसले, थोडंसंच. गर्दी वाढत होती, उघडं दार लोकांना लागत होतं. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले, कोपराने ते दार लोटून नीट बंद केलं आणि पुढे चालायला लागले.