झिजलेलं स्टिअरिंग

परवा जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात अविनाश त्याच्या दिवंगत वडिलांच्या, दादांच्या, अमेरिकन गाडीत बसला होता. ती गाडी माझ्याच गॅरेजमध्ये दुरुस्त होऊन पुन्हा उभी राहिली होती. बाहेर परीक्षक रंग मूळचा की नवा, यावर हुज्जत घालत होते. आत अविनाशचा अंगठा स्टिअरिंगच्या झिजलेल्या जागेवर सावकाश फिरत होता.

"काका, बाकी सगळं बदला, पण हे नको, असं बजावलं होतं ना मी? दादांचा हात इथंच असायचा."

गेलेल्या माणसाचा स्पर्श वस्तूत उरतो, की आपल्या विश्वासात? विश्वासात उरत असेल, तर माझं गप्प राहणं चुकीचं नव्हतं. इतके दिवस मी स्वतःला असंच समजावत होतो. पण त्याने आईला हाक मारली, "आई, ये. इथं हात ठेव."

मला राहवेना. "वहिनी, थांबा. अविनाश, मूळचं काढताना माझ्या हातून तुटलं रे. हे दुसरं आहे. पॉलिश पेपरने मीच झिजवलंय."

"रोज इथं हात ठेवून दादांशी बोलत होतो मी," तो म्हणाला.

मग त्याने तो अंगठा पँटला पुसला.