मेलेल्यांचं वळण

स्टुडिओच्या पाटीवर त्यांचं खरं नाव लिहिलेलं आहे, पण पाटीवर वेल चढलाय आणि तो काढावा असं आजवर कुणाला वाटलेलं नाही. कारण गावानं त्यांचं बारसं कधीच उरकून टाकलंय. हा गृहस्थ एकतीस वर्षं पासपोर्टचे फोटो काढतोय आणि स्टुलावर बसणाऱ्या प्रत्येकाला एकच मंत्र देतोय : "मान सरळ. हनुवटी जरा खाली. दोन्ही कान दिसू द्या. आणि हसू नका." झालं! हसूनका. पोस्टमनसुद्धा विचारतो, "हसूनका आहेत का घरात?"

आता ज्याच्या नावातच हसायला बंदी, तो माणूस आंबट तोंडाचा असेल असं वाटेल. उलट आहे. हसूनकांना हसू आवरत नाही, हीच त्यांची जन्माची अडचण. एकतीस वर्षं ते कॅमेऱ्यामागे तोंड लपवून हसत आलेत. आणि सगळ्यात जास्त कशाला हसत असतील, तर भुताखेतांच्या स्वस्तातल्या पिक्चरला. त्यातही मेलेली माणसं उठून चालायला लागतात ते झॉम्बीचे पिक्चर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. महागडे नव्हेत हं. महागड्या पिक्चरातला झॉम्बी खरा वाटतो, आणि खऱ्याचं काय कौतुक? हसूनकांना हवा असतो पाठीवर चेन दिसणारा झॉम्बी. झॉम्बींच्या एका रांगेत मरून पडलेला आणि पुढच्याच रांगेत दुसरा शर्ट घालून परत चालत येणारा. "ज्या पिक्चरात मुडद्याच्या मनगटावर घड्याळ दिसतं ना," ते म्हणतात, "तो पिक्चर आपला. त्याला पण वेळेत घरी जायचंय, हे कळतं."

असे पिक्चर बघता बघता एक दिवस आपणही काढावा, हे काही एकदम सुचलं नाही. ते सुचलं त्यांच्या बायकोला, आणि तेही चुकून. दुपारची मंदी होती. हसूनका उरलेले पासपोर्ट फोटो टेबलावर मांडत बसले होते. आठ फोटोंच्या पट्टीतले सहा फोटो लोक नेतात, दोन विसरून जातात. अशा विसरलेल्यांचं एक अख्खं गावच टेबलावर जमलं होतं. बायको चहा घेऊन आली, तिनं वरून नजर टाकली आणि म्हणाली, "अगंबाई! सगळी मेलेलीच दिसतायत की!"

हसूनकांनी कप खाली ठेवला. खरंच की. बँकेचा कॅशियर, रात्रपाळीची नर्स, प्लंबर, निवृत्त गणिताचे मास्तर... सगळ्यांच्या डोळ्यांत तीच थंडगार नजर, तेच आवळलेले ओठ. ही प्रेतं त्यांनी स्वतःच्या हातानं घडवली होती. नट शोधायची गरजच नव्हती.

त्या दिवसापासून अडीच वर्षं, दर रविवारी सकाळी सात ते अकरा, पिक्चर चालू राहिला. अकराच्या पुढे नाही, कारण रात्रभर जागलेल्या नर्सबाईंना मग झोप आवरत नसे. नाव ठेवलं 'मेलेले कामावर'. गोष्ट एका ओळीत : एका गावातली मेलेली माणसं एके सकाळी उठतात आणि सुट्टी आहे हे कुणी सांगितलंच नाही म्हणून मुकाट्यानं कामावर जातात. मुडदा कॅशियर नोटा मोजतो आणि दर पाचव्या नोटेला बोट गळून पडतं. रक्ताला बिटाचा रस आणि कॉर्नफ्लॉवर. नर्सबाईंना मेकअप लागायचा नाही, त्या थेट रात्रपाळीवरून येत. आणि प्रत्येक रविवारी साडेनऊला हसूनकांची बायको गच्चीवरून ओरडायची, "ए मेल्यांनो, चहा झालाय!" तेव्हा अकरा प्रेतं आपापले तुटके हात काखेत मारून रांगेत उभी राहायची.

तर मुद्दा आहे तो एका शॉटचा. चाळीस सेकंदांचा शॉट.

शेवटाकडे सगळी प्रेतं मिळून एका घरावर हल्ला करतात. घर हसूनकांच्या धाकट्या बहिणीचं. ती दाराआड झाडू घेऊन तयार. हसूनकांनी ओरडून "चला!" म्हटलं, अकरा प्रेतं गुरगुरत, हात पुढे करून फाटकातून आत शिरली, अंगण ओलांडून दारापाशी आली, दार ढकललं, आणि आत तुटून पडली. झकास. एका दमात शॉट ओके. सगळे घरी गेले.

चौथ्या दिवशी बायको कॉम्प्युटरवर जोडकाम करत होती. फोटोंवरचे मुरूम पुसण्यात तिचा हात बसलेला, त्यामुळे पिक्चरची कात्रीही तिच्याच हातात. ती मध्येच थांबली. मागे नेलं. पुन्हा पाहिलं.

"अहो, इकडे या. ही मेलेली माणसं चपला का काढतायत?"

हसूनका आले. पाहिलं. गुरगुरणारी अकरा प्रेतं दारापाशी थांबली होती. मास्तरांनी आपल्या वहाणा काढून जोडीनं, टोकं बाहेर करून भिंतीशी लावल्या होत्या. नर्सबाईंनी तोल जाऊ नये म्हणून कॅशियरच्या खांद्यावर हात ठेवून सँडलचा पट्टा सोडवला होता. प्लंबरचे बूट नाडीचे, म्हणून तो पायरीवर बसून नाड्या सोडत होता, आणि सोडताना पात्र सुटू नये म्हणून तोंडानं गुरगुरत होता. मग अनवाणी होऊन सगळ्यांनी भयानक आवाजात घरावर झडप घातली होती.

कुणी सांगितलं नव्हतं. आणि शूटिंगच्या वेळी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण दुसऱ्याच्या घरात शिरताना यात वावगं काय? हसूनका स्वतः पायात काही न घालता कॅमेरा घेऊन उभे होते.

ते खुर्चीवरून खरोखर घसरले. बायकोनं पाणी आणलं, पण पिताना तिलाही ठसका लागला. हसून हसून पोट दुखायला लागल्यावर हसूनका डोळे पुसत म्हणाले, "बघ ना. माणूस नाव विसरला, गाव विसरला, श्वास घ्यायचा विसरला. पण लादी पुसलेली असेल हे विसरला नाही. माणूस मरतो गं, वळण मरत नाही."

हा शॉट म्हणजे पिक्चरचा प्राण, हे दोघांना त्याच दिवशी कळलं. फक्त जगाला पटवायचं बाकी होतं.

जग आलं ते साडूच्या रूपानं. हसूनकांच्या मेहुणीचा नवरा जाहिरातीच्या कंपनीत, शिवाय गावात नव्यानं भरणाऱ्या चित्रपट महोत्सवाचा सचिव. त्यानं पिक्चर पाहिला आणि खूश होऊन म्हणाला, "दादा, थिएटरला लावू. मोठ्या पडद्यावर!"

मोठा पडदा! आयुष्यभर हसूनकांनी माणसं साडेतीन सेंटिमीटर बाय साडेचारमध्ये बसवली होती. एकदा, फक्त एकदा तिकीट काढून खुर्चीत बसावं आणि आपले मास्तर, आपला प्लंबर वीस फुटांचे होऊन समोर चालताना पाहावेत. एवढंच मागणं होतं.

"फक्त तो चपलांचा शॉट काढा," साडू म्हणाला. "महोत्सवाच्या समितीला मी तो सांगितला. त्यांचं म्हणणं आहे, विनोद चालेल. चूक चालणार नाही."

"चूक कुठंय त्यात?"

"झॉम्बी चपला काढतो, दादा! लोक हसतील."

"अहो, हसायलाच काढलाय की पिक्चर!"

"पिक्चरला हसणं वेगळं आणि पिक्चरवर हसणं वेगळं."

यावर बायको आतून म्हणाली, "जावईबापू, तुमच्या लग्नात तुम्ही स्टेजवरून पडलात तेव्हा आम्ही दोन्ही तऱ्हेनं हसलो होतो. काही वेगळं वाटलं नाही."

साडू तसा मनाचा वाईट नव्हे. त्यानं तोड काढली : शॉट ठेवा, पण मुद्दाम केलाय असं दिसू द्या. नीट प्रकाश लावून पुन्हा घ्या. हसूनकांनाही ते पटलं. पुढच्या रविवारी अकराही प्रेतं हजर. आता सगळ्यांना ठाऊक होतं की इथं विनोद करायचाय. मास्तरांनी चपला अशा काही नजाकतीनं काढल्या, जणू बक्षीस समारंभ चाललाय. कॅशियरनं कॅमेऱ्याकडे बघून भुवई उडवली. प्लंबर मुद्दाम दोनदा पडला. सात वेळा घेतलं. सातही वेळा मेलेलं. या वेळी खरोखर मेलेलं.

मास्तर पायरीवर बसून म्हणाले, "तेव्हा आपण कुणाला हसवत नव्हतो हो. आपण बिचारे इमानानं घाबरवत होतो."

मग हसूनकांनी बायकोच्या मदतीनं कापून पाहिलं. तीन संध्याकाळी बसून चाळीस सेकंद काढले. प्रेतं अंगणात होती, पुढच्या क्षणी घरात होती. सांधा कुठे कळतही नव्हता. पिक्चर छान पळत होता, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. ही अकरा माणसं आता कोणाचीही प्रेतं होती. कुठल्याही गावची, कुठल्याही पिक्चरची.

समितीनं ठेवलेल्या चाचणी खेळाच्या दिवशी सकाळी दहाला थिएटर उघडलं. समितीतले तिघं पुढे, नवरा-बायको आणि मास्तर मागे. बायकोच्या पर्समध्ये दोन पेन ड्राइव्ह होते, एक अख्खा आणि एक कापलेला. ऑपरेटरनं खिडकीतून हात बाहेर काढला. बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. "बोला. अजून वेळ आहे. नंतर माझ्या नावानं कुरकुर नको."

"अख्खा दे."

"महोत्सव जाईल."

"जाऊ दे. एकदा तरी वीस फुटांचा बघू."

आणि पाहिला. प्लंबर पायरीवर बसला तेव्हा त्याच्या बुटाची नाडी दोरखंडाएवढी दिसत होती. पुढच्या रांगेतून एकदम फुस्स असा आवाज आला. समितीचे अध्यक्ष, निवृत्त प्राचार्य, भारदस्त गृहस्थ, रुमालात तोंड घालून गदगदा हलत होते. साडू दिवे लागेपर्यंत कपाळाला हात लावून बसला होता.

अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि चेहरा पूर्वीसारखा केला. "हे बघा, हा भाग काढायचा ठरला होता."

"तुम्ही हसलात, सर," हसूनका म्हणाले.

"हसलो, खोटं कशाला बोलू. पण लोक काय म्हणतील?"

"तुम्ही म्हणालात तेच म्हणतील की. फुस्स!"

मास्तरांनी मागून खोकल्याचा आवाज केला. अध्यक्ष गंभीर झाले. "महोत्सवाचा काही दर्जा असतो. बाहेरगावचे पाहुणे येणार. आपल्या गावाला एवढंसुद्धा जमत नाही, असं दिसायला नको."

इथं हसूनका उभे राहिले. आवाज चढवायची त्यांना सवय नाही. स्टुडिओत कुजबुजलं तरी गिऱ्हाईक ऐकतं. "सर, आपल्या गावाला काय जमतं तेच तर दिसतंय त्यात. बाहेरच्या पिक्चरात मेलेला माणूस दार फोडतो. आमचा दार ढकलतो, पण आधी पाय बघतो. यात लाजायचं काय? लाज वाटली तर ज्यांनी चिखलाचे पाय घेऊन घरं बरबटवली त्यांना वाटू दे. पडदा तुमचा मोठा आहे, मान्य. पण माझी माणसं त्यात अख्खी मावत नसतील, तर तुमचा पडदा आखूड आहे."

"म्हणजे काढणार नाही?"

"नाही."

"दादा, विचार करा," साडू हळूच म्हणाला. "पुन्हा संधी येणार नाही."

"प्रेतांना कसली घाई, साडूभाऊ? आम्ही पुन्हा उठू."

चार दिवसांनी पत्र आलं. महोत्सवाच्या कोऱ्या करकरीत कागदावर, शिक्क्यासकट. 'आपल्या चित्रपटातील प्रेते विश्वासार्ह वाटत नाहीत. ती सभ्यपणे वागतात. सबब समिती खेदपूर्वक...' खाली सचिवाची सही.

हसूनकांनी ते दोनदा वाचलं. बायकोला वाटलं, आता गप्प बसणार हे, दोन दिवस जेवणार नाहीत. पण ते उठले, पत्र स्कॅनरवर ठेवलं आणि म्हणाले, "सगळ्यात मोठी साइज कुठली उरलीय आपल्याकडे?"

"लग्नाच्या जोडप्यांची. वीस बाय तीस."

"चालेल."

संध्याकाळपर्यंत ते पत्र वीस बाय तीस इंचांत, सोनेरी फ्रेममध्ये, स्टुडिओच्या दर्शनी काचेत लागलं. डावीकडे एक नवरी, उजवीकडे एक गुटगुटीत बाळ आणि मधोमध नकार. त्याखाली बायकोनं मार्करनं लिहिलं : 'सभ्य प्रेते. संपूर्ण चित्रपट. रविवारी चार वाजता, स्टुडिओतच. खुर्ची आपापली आणावी.'

लोक थांबायला लागले. भाजीची पिशवी खाली ठेवून मोठ्यानं वाचायला लागले. "ती सभ्यपणे वागतात!" वाचून जो तो आत डोकावे. नर्सबाईंच्या हॉस्पिटलमधून अख्ख्या वॉर्डानं जागा सांगून ठेवल्या. शनिवारपर्यंत हसूनकांना पिक्चर मोठा दिसावा म्हणून फोटोच्या पडद्यामागची अख्खी भिंत रिकामी करावी लागली.

शनिवारी दुपारी साडू आला. घामेघूम. आत येऊन तडक काचेकडे बोट दाखवत म्हणाला, "दादा, हे काय चालवलंय? ऑफिसात लोक मला विचारतायत. अध्यक्षांनी दोनदा फोन केला."

"काय म्हणाले?"

साडूनं कपाळ पुसलं. "विचारत होते, खुर्ची घडीची चालेल का."

बायको खुदकन हसली. साडू काचेपाशी गेला, वाकून आपल्या नावाकडे पाहिलं. वीस बाय तीसमध्ये ती सही हाताच्या पंजाएवढी झाली होती, शेवटच्या झोकदार शेपटीसकट.

"बरं, पत्र राहू दे," तो पडत्या आवाजात म्हणाला. "निदान खालची सही तरी कापा. तेवढी एक पट्टी."

"छे छे," हसूनका म्हणाले. "इतकी ऐटबाज सही, कापायची कशी? पुढे बसा उद्या. पहिली रांग घरच्यांची."