राक्षसांचं मराठी मी करायचे

लग्न होऊन या घरात आले तेव्हा बॅगेत साड्यांखाली एक हातात मावणारा गेम दडवून आणला होता. कुरकुंभच्या कंपनीतल्या मैत्रिणीकडून जुना घेतलेला. त्यात राक्षस बोलवायचे, चौकटींच्या पटावर उभे करायचे आन् समोरच्याचे राक्षस हाणायचे. पण खरी गंमत हाणामारीत नाहीच. समोरच्या राक्षसाशी गोड बोलून तो आपल्याकडं ओढता येतो.

पहिली पाळी करून कंपनीच्या बसनं यवतला उतरायचं, घरी येऊन चहा, मग ओट्यावर तासभर राक्षस. समोर बाजेवर आबा, म्हणजे माझे सासरे. उपसरपंचपदाला एका मतानं पडल्यापासून त्यांनी पारावर जाणं सोडलं होतं. आन् ते मत कुणाचं? सख्ख्या मेव्हण्याचं! मतदानाआधी आबांनी सदस्यांना आठ दिवस कोकणात सहलीला नेलं, मासे खाऊ घातले, मेव्हण्याला तर खिडकीची जागा दिली. आन् परत आल्यावर या बाबानं हात वर केला तो पलीकडच्यासाठी. तेव्हापासून सासूबाईंचं माहेर बंद. ते माहेर तरी कुठं, ओढ्यापलीकडं. गच्चीवरून त्यांना भावजयीच्या वाळत घातलेल्या साड्या दिसायच्या.

एक दिवस आबा माझ्या खांद्यावरून डोकावले आन् विचारलं, हा तांबडा कुणाच्या पॅनेलचा. झालं. दुसऱ्या दिवसापासून गेम त्यांच्या हातात. आबांना इंग्रजी येत नाही, म्हणून राक्षस काय म्हणतो ते मी मराठीत सांगायचं आन् त्यांचं उत्तर दाबायचं. माणूस असला बेरकी की विचारू नका. फोडलेले राक्षस ते पटाच्या कोपऱ्यात भिंतीआड नेऊन ठेवायचे, शेवटच्या चालीपर्यंत कुणाच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत. सहलच ती.

अशात मेव्हण्याच्या पोरीची लग्नपत्रिका आली. आबांनी सांगून टाकलं, कुणी जायचं नाही. सासूबाईंनी पत्रिका देवापुढं ठेवली आन् त्या दिवशी दोन भाकरी करपवल्या. या बाईनं कधी भाकरी करपवलेली मी पाहिली नव्हती. मला आबांचा असा राग आला की त्यांच्या चहात साखरच घातली नाही.

गेममधला शेवटचा डाव त्याच आठवड्यात आला. समोर उभा एक शिंगवाला, मागं आमच्याकडून फुटून गेलेला. त्याला परत घेतल्याशिवाय डाव जिंकणं कठीण. पडद्यावर तो म्हणत होता, तुमची हाडं चघळीन. मी आबांना सांगितलं, "म्हणतोय, चुकलो दाजी. पदरात घ्या."

आबांनी पडदा डोळ्यांजवळ नेऊन शिंगवाल्याला न्याहाळलं. मग म्हणाले, "न्हाई म्हण."

तीन चालीत आमचा धुव्वा उडाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच डाव, पुन्हा शिंगवाला हाडं चघळायला तयार, पुन्हा मी त्याच्या वतीनं माफी मागितली. पुन्हा न्हाई. असं चार दिवस चाललं. मी त्या राक्षसाला रडवलं, पोरीबाळींच्या शपथा घ्यायला लावल्या, एकदा तर त्याला साखरेचा आजार लावला. आबा ढिम्म.

पाचव्या दिवशी, लग्न उद्यावर आलेलं, आबांनी विचारलं, त्याला लाज तरी वाटती का. मी म्हटलं, फार वाटते म्हणतोय.

"घे मग," आबा म्हणाले.

नशीब माझं, शिंगवाला खरंच आला. डाव जिंकला.

सकाळी आबांनी कडक इस्त्रीची टोपी घातली आन् सासूबाईंना म्हणाले, आवर लवकर, अक्षता चुकतील. सासूबाईंची साडी चार दिवसांपासून घडी करून उशाला होती. त्या चपला शोधायला आत पळाल्या तसे आबा माझ्याकडं वळले.

"सूनबाई, त्यो राक्षस मला दाजी कसा काय म्हणला?"

मी मान खाली घातली.

"पयल्याच दिशी कळलं हुतं मला."

मग चार दिवस न्हाई का म्हणत होता, असं मी कसंबसं विचारलं.

आबांनी ओढ्याकडं बघत टोपी सारखी केली. "खरा काय माफी मागणार न्हाई कवा. म्हणलं, ह्याच्याकडनं तरी पोटभर ऐकून घिऊ."