कौसल्येला कळलेला एक शब्द

कौसल्या गेल्याचं सांगायला तिचा नवरा नामदेव सकाळीच आला. मी शाळेला निघाले होते. तो पायरीवर बसून राहिला... मी पिशवी खाली ठेवली.

कौसल्या माझी धाकटी मावसबहीण. पिपरीला नवऱ्याबरोबर मळा करायची आणि वर्ध्याच्या बाजारात भाजी विकायची. जीभ तिखट. कोणी फारच भाव पाडून मागितला की म्हणायची, "नुसता वास घेऊन जा काका, त्याचे पैसे नाई." गेल्या हिवाळ्यात खोकल्यातून रक्त पडलं आणि तिला क्षयाच्या दवाखान्यात ठेवावं लागलं.

तिथे बायकांच्या वॉर्डात, कोपऱ्यात, पडदा लावलेली एक खाट होती. जिची आशा सुटली तिला तिथे हलवत. सगळा वॉर्ड त्या खाटेला 'कार्नर' म्हणे. तिथून उठून घरी गेलेली बाई कोणी पाहिली नव्हती.

स्ट्रेप्टोमायसिनच्या इंजेक्शनांनी कौसल्येचा ताप उतरला. मोठे डॉक्टर तिला तपासून धाकट्या डॉक्टरांना समाधानाने म्हणाले, "शी हॅज टर्न्ड द कॉर्नर." तिला त्यातला एकच शब्द कळला.

दुपारी मी गेले तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. चांगलं लुगडं शेजारच्या खाटेवरच्या बाईला देऊन टाकलेलं. "बाई, मले कार्नरवर टाकून राह्यले," म्हणाली. नर्सकडून खरा प्रकार कळल्यावर मला हसूच आलं. मी तिला समजावलं की दुखण्याचं अवघड वळण मागे पडलं, आता तू बरी होणार, असं ते बोलले. डॉक्टरांनाही बोलावून आणलं. त्यांनी तेच सांगितलं. ते गेल्यावर ती म्हणाली, "तुले शब्द समजते, बाई. मले वार्ड समजते."

पुढचे थोडे दिवस खरोखर बरे होते. ताप नव्हता, व्हरांड्यात कोवळं ऊन यायचं. ती तिथवर आली नाही. नामदेवनं आणलेली संत्री वाटून टाकली. लेकीला भेटीला आणू दिलं नाही. "आतापासून सवय होऊ द्या तिले," एवढंच म्हणाली.

मग ताप पुन्हा चढला आणि तिला पडद्याआड नेलं.

शब्दानं माणूस मरत नाही. तिला क्षयानं नेलं, हे मला कळतं. पण जे चार चांगले दिवस मिळाले होते तेही तिने मरणाची वाट पाहण्यात घालवले. भेटायला येणारे, सुटली बिचारी, म्हणतात. मी त्यांना चहा देते.

गेल्या आठवड्यात बाजारात गेले. नामदेव पोत्याच्या एका कडेला बसला होता, कौसल्येची जागा सोडून. नेहमीच्या एक बाई वांगी निवडत होत्या. त्यांना काही कळलेलं नसावं. कौसल्या दिसत नाही, बरी झाली का, असं त्यांनी विचारलं.

नामदेवनं तागडी उचलली.

"डाक्टर तं तसंच म्हनत होते," तो म्हणाला आणि वांगी तोलू लागला.