पाऊस पळवणारी पाती

"साहेब, गाडी हलणार न्हाई. पाऊस पडला की मग न्या."

हे सांगणारे तात्या गावचे सरपंच. ट्रेलरच्या पुढ्यात भर रस्त्यात मांडी घालून बसले होते आणि मागे अर्धं गाव. ट्रेलरवर पवनचक्कीची तीन पाती, आमच्या भाषेत ब्लेड. एकेक ब्लेड म्हणजे दोन एस.टी. एकामागे एक उभ्या केल्या एवढं लांब. रस्ता असा तुंबला होता की बैलगाडीसुद्धा शेतातून जात होती.

नव्वदीची अखेर होती. साताऱ्यात पाटणच्या पठारावर आमच्या कंपनीच्या पवनचक्क्या उभ्या राहत होत्या आणि मी साइट इनचार्ज होतो. शेवटच्या मशीनची ब्लेड्स तमिळनाडूतून विजापूरमार्गे निघाली आणि विट्याच्या अलीकडे या गावात अडकली. निरोप मिळताच मी जीप काढली. जून लागला की पठारावर असा वारा सुटतो की क्रेनला ब्लेड उचलताच येत नाही. मग मशीन दिवाळीपर्यंत बोडकं. पुण्याच्या साहेबांनी बजावलंच होतं, "पावसाआधी उभं राहिलं नाही तर दुसरी नोकरी बघ." घरी नुकतीच मुलगी झाली होती. नोकरी बघायची हौस मला अजिबात नव्हती.

गावाचं म्हणणं सरळ होतं. गेल्या वर्षी पठारावर पंखे फिरायला लागले आणि गेल्याच वर्षी इथला पाऊस गेला. म्हणजे पश्चिमेचे ढग पंख्यांनीच उधळले.

मी समजावायला लागलो. घरातला पंखा विजेवर फिरतो आणि वारा देतो. हा वाऱ्यावर फिरतो आणि वीज देतो. आणि ढग तर पंख्याच्या कितीतरी वर असतात!

"कुठं वर?" मागून एक म्हातारा म्हणाला. "पठारावर ढग अंगाला लागत्यात. म्या सोता बघितलंय."

खरं होतं. 

केबिनमध्ये ड्रायव्हर मुरुगन भेदरून बसला होता. त्याला मराठी येत नव्हतं आणि हिंदी नावापुरतं. तेवढ्यात गर्दीतून पोपटशेठ पुढे आले. बोटांत अंगठ्या, तोंडात पान. या भागातली माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, तसं यांचं कोइमतूरला. पुतण्याच्या लग्नाला गावी आले होते. त्यांनी मुरुगनशी असं खडाखड तमिळ सुरू केलं की गडी हसत खालीच उतरला.

"काय म्हनतोय त्यो?" तात्यांनी विचारलं.

"ह्येच्याकडं असलं पंखं शेकड्यानं हायत. आन पाऊस वर्सातनं दोनदा येतोय. लय भिजलोय मी."

पोपटशेठना मिठीच मारावीशी वाटली. पण गावानं त्याचा वेगळाच हिशेब मांडला.

"दोनदा? मग पंखं पाऊस वढत्यात म्हना की!"

तात्या उठून उभे राहिले. "साहेब, आमचं चुकलं. ही पाती आमच्याच माळावर लावा. जागा गाव दील."

मी एस.टी.डी. बूथवरून पुण्याला फोन लावला. साहेब खो खो हसले. "अरे, हो म्हण आणि गाडी काढ! पुढचं पुढे बघू."

सोपं होतं. पण परत आलो तर तात्या माझ्याकडे अशा आशेनं बघत होते की 'हो' म्हणायला तोंडच उघडेना. मला त्या फोनची लाज वाटली.

"नाही तात्या. पंखा पाऊस घालवत नाही आणि पाडतही नाही."

"मग लावताय कशापायी?"

मी सांगितलं. वीज करायला कोळसा जाळतात. त्या धुरानं पृथ्वी तापतेय, पावसाचं तंत्र बिघडतंय, असं शास्त्रज्ञ म्हणतात. पंख्याला कोळसा लागत नाही.

"म्हंजी कोळसा जाळायचा शहरातल्यांनी आन आभाळाकडं बघत बसायचं आमी?"

"हो."

"ह्येनं आमचा पाऊस माघारी येतोय?"

"नाही. आणखी बिघडू नये म्हणून हे पंखे. त्यांचाही उपयोग थोडाच."

 मी मनातल्या मनात राजीनाम्याचा मायना जुळवायला लागलो. तात्यांनी धोतर झटकलं.

"सोडा रं गाडी! पान्यासाठी आजवर ज्यो साहेब, फुडारी आला त्यो व्हय म्हनून गेला. ह्यो पयला गडी न्हाई म्हनला."

पोपटशेठ तमिळमध्ये ओरडले आणि ट्रेलर हलला. ब्लेड्स चढली आणि दोनच दिवसांत पठार ढगात गेलं. नोकरी वाचली. पुण्याचे साहेब कित्येक महिने विचारत राहिले, "पण तू त्यांना कबूल काय केलंस?" काहीच नाही, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

त्या वर्षीही तात्यांच्या गावात पाऊस बेताचाच झाला. दिवाळीनंतर मी मुद्दाम तात्यांकडे गेलो. तक्रारीचा शब्द नाही. चहा आला.

"कोळसा कमी झाला का वो?"

"नाही तात्या, वाढला."

"बरं," तात्या म्हणाले. "मग आता आमी कुनाची गाडी आडवायची, तेवढं सांगा."